फोर्क उघडलास, मोजलंस काय?

हात पूस आधी. पँटला नाही, तो कॉटन वेस्टचा गोळा कशाला ठेवलाय? आता गाडीच्या समोर उभा राहा. ज्या दोन नळ्यांवर शनिवारी मामाच्या गॅरेजात कारागिरी केलीस, त्या नीट दिसू देत तुला. बाकीच्यांनीही इकडे या. हसू नका. असले उद्योग तुमच्यातल्या आणखी दोघांनी केलेत, मला ठाऊक आहे; त्यांच्या गाड्या माझ्यापर्यंत आल्या नाहीत एवढंच.

गिऱ्हाईक काय सांगून गेलं होतं? मगाशी तूच वाचून दाखवलंस. "ब्रेक मारला की पुढून टक् आवाज येतो, आणि घाट उतरताना नाक फार खाली जातं." दोन तक्रारी आहेत या. एक आवाजाची, एक चालीची. तो माणूस मागे दोन पेट्या लावून कोल्हापूरहून गगनबावड्याला जातो आणि करूळ घाटानं खाली वैभववाडीला उतरतो. हौस म्हणून नाही, पोटासाठी. तू त्याला मोबाइलवर चकचकीत डब्याचा फोटो दाखवलास. नव्या स्प्रिंगा, नवे व्हॉल्व्ह, नवं तेल. "शॉकअप एकदम परदेशी करून देतो दादा." वाक्य तुझंच ना? त्यानं पैसे मोजले. आता गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालते, आणि टक् आवाज होता तिथंच आहे.

तो आवाज कसला, सांग. नाही येत? उजव्या हातानं पुढचा ब्रेक धर. घट्ट. डाव्या हाताची बोटं इथं ठेव, वरच्या टीच्या, म्हणजे दोन्ही नळ्या एकत्र धरणाऱ्या पट्टीच्या खाली, फ्रेमच्या डोक्याशी. आता गाडी पुढेमागे हलव. लागलं बोटाला? कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. फोर्कच्या आतल्या तेलाचा, स्प्रिंगचा, व्हॉल्व्हचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पुढचं चाक उचलून, फोर्कच्या दोन्ही बाटल्या खालून धरून ओढून-ढकलून पाहिल्या असत्यास तर अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता. हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवून मधोमध खाच जाणवते का, तेही कळलं असतं. पाना, ग्रीस, फार तर नवा कोनसेट. एवढ्यात अर्धी तक्रार संपत होती. तू ती न तपासता माणसाला खर्चात घातलंस. ह्याला मेकॅनिक म्हणत नाहीत, विक्रेता म्हणतात.

"सर, गिऱ्हाईकालाच नवे पार्ट हवे होते." हवे असतील. गिऱ्हाईकाला उद्या सायलेन्सर डोक्यावर बांधून हवा असेल. तू ट्रेड शिकतोस ना?

एक गैरसमज आत्ताच काढून टाका. बाहेरचा पार्ट बसवायला माझा विरोध नाही. ही हिमालयन ४११ सीसीची. पुढचा फोर्क ४१ मिलिमीटरचा, चाकाला वरखाली व्हायला २०० मिलिमीटर जागा. कारखान्यानं स्प्रिंग निवडली ती कुणा एकासाठी नाही. हलका माणूस, जड माणूस, एकटा, जोडीनं, सामानासह, बिनसामानाचा, सगळ्यांना बरी वाटेल अशी निवडली. वाळूजला, चाकणला, नाशकात फोर्क आणि शॉकअप बनवणारे कारखाने आहेत. तिथले इंजिनिअर अडाणी नाहीत, पण ते सरासरी माणसासाठी बनवतात. आपलं गिऱ्हाईक सरासरी नाही. पंचाण्णव किलोचा गडी, अंगावर जाकीट, मागे दोन भरलेल्या पेट्या. त्याला जास्त ताकदीची स्प्रिंग लागणार, हा तुझा अंदाज बरोबर होता. म्हणून तर जास्त राग येतो. अंदाज बरोबर निघाला आणि पुढचं सगळं काम अंदाजानंच केलंस.

मी सकाळी काय केलं ते सांगतो, म्हणजे काम कशाला म्हणतात ते कळेल. अजून एकही बोल्ट सोडला नव्हता. गाडी डबल स्टँडवर घेतली, मागून दाबून पुढचं चाक हवेत आणलं आणि धुळीच्या सीलपासून खालच्या टीपर्यंत पाइप किती उघडा दिसतो ते मोजलं. तो पूर्ण लांबीचा आकडा. मग गाडी चाकांवर उभी केली, बाजूनं दोघांनी धरली, मी स्वतः बसलो. माझं वजन त्या माणसापेक्षा कमी नाही, हसू नका. पुढचा भाग खाली दाबला आणि सावकाश वर येऊ दिला. थांबला तिथं मोजलं. मग हँडल वर उचललं आणि सावकाश खाली सोडलं, पुन्हा मोजलं. पहिल्या वेळी फोर्क ३८ मिलिमीटर बसलेला, दुसऱ्या वेळी २४. सरासरी ३१. याला सॅग म्हणतात. हे मी फळ्यावर शिकवलं होतं, तेव्हा तू खिडकीतून बाहेर कुणाची तरी नवी ड्यूक बघत होतास.

आता हा एक आकडा किती बोलतो ते ऐक. २०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये माणूस बसल्यावर साधारण तिसरा हिस्सा खाली बसायला हवा, साठ-पासष्ट मिलिमीटर. इथं ३१. म्हणजे फोर्क वरच्या टोकाला ताणून उभा आहे. शॉकअपचं काम फक्त दबण्याचं असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. अरे, खड्डा म्हणजे काय? चाकाखालची जमीन खाली जाते. तेव्हा चाकाला खाली उतरायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे हा सॅग. तू ती निम्मी केलीस. चाक खड्ड्यावर अधांतरी राहतं आणि पलीकडच्या काठावर आपटतं. घाटातल्या वळणावर टायर जमिनीला धरून राहायला हवा तिथं तो क्षणभर सुटतो. गिऱ्हाईक म्हणालं, "वळणात गाडी बाहेर जाते." त्याला सॅग माहीत नाही, पण त्याच्या पाठीला माहीत आहे.

आणखी एक. पुढचा भाग एकोणतीस-तीस मिलिमीटर उंच राहिला. दोन चाकांतलं अंतर १४६५ मिलिमीटर. भागाकार करा, कोन एका अंशाहून थोडा जास्त येतो. तेवढा फोर्क मागे कलला. एका अंशानं काय होतंय, असं वाटत असेल, तर ट्रेल, तो काय ते पुढे सांगतो, सात-आठ मिलिमीटरनं वाढला, हँडल जड झालं. तू स्प्रिंग बदललीस आणि त्याबरोबर गाडीची भूमितीही बदललीस, विचारल्याशिवाय.

सॅग कमी कशानं झाला? डावी बाजू उघडून पाहिलं. हे बघ टेबलावर. जुनी स्प्रिंग, नवी स्प्रिंग, शेजारी शेजारी ठेव. नवी लांब आहे. तिच्या खाली व्हॉल्व्ह बसवलास, त्याची उंची वेगळी. आणि वर जुनाच स्पेसर, एक मिलिमीटरही न कापता, जसाच्या तसा कोंबलास. कॅप पाइपच्या तोंडाशी आणून ठेवली तर मध्ये ४६ मिलिमीटर अंतर राहतं. ते सगळं छातीनं दाबून कॅप फिरवलीस. आटे बघ, पहिला सरकलाय. सुरुवातीलाच तिरका आटा धरलास आणि पान्यानं ओढलास.

प्रीलोडनं, म्हणजे आधीच दाबून ठेवल्यानं, स्प्रिंग कडक होते असं कोण म्हणालं रे तुला? मामा? मामाचा मान ठेवूनच सांगतो, मामा चुकीचं बोलतात. स्प्रिंगची ताकद तिच्या तारेत आहे, वेढ्यांत आहे. ही स्प्रिंग मिलिमीटरला ०.६ किलोची. दहा मिलिमीटर दाब की सहा किलो, वीस दाब की बारा. आधी किती दाबून ठेवलीस त्यानं फक्त ती कुठून काम सुरू करते ते ठरतं. वीस मिलिमीटर प्रीलोडला एका बाजूला बारा किलो, दोन्ही मिळून चोवीस. तू ४६ दिलास: दोन्ही मिळून पंचावन्न. म्हणजे वीस मिलिमीटरवाल्यापेक्षा आणखी एकतीस किलो वजन पडेपर्यंत हा फोर्क जागचा हलणारच नाही. पुढे दबताना मात्र तो तसाच दबतो, मिलिमीटरला तेवढाच. ब्रेक मारल्यावर नाक जितकं घसरायचं तितकंच घसरतं, फक्त वरून सुरुवात करून. तक्रार तशीच राहिली, आराम गेला. वा.

स्पेसर म्हणजे पाइपचा तुकडा. हॅकसॉ आहे, फाइल आहे, व्हर्निअर आहे. पहिल्या सहा महिन्यांत ओरडून ओरडून तुमच्याकडून काटकोनात कापून घेतलं, ते कशासाठी? फाइलिंगचा तास म्हणजे तुरुंग वाटायचा तुला. तो तास इथं कामाला येणार होता.

आता व्हॉल्व्ह. इथं तू कमाल केलीस, आणि इथं मी जरा थांबणार आहे.

हा फोर्क साधा, डॅम्पर रॉडचा. बाटलीच्या तळाशी बोल्टनं धरलेला हा पोकळ दांडा, आणि त्याला खाली ही भोकं. चाक वर आलं की तेल या भोकांतून जातं. बीएमडब्ल्यूनं १९३५ साली आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर तेलानं चाल आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क विकायला आणला, तेव्हापासून मूळ कल्पना हीच: तेलाला अरुंद वाटेनं जायला लावायचं. पण ठरलेल्या मापाच्या भोकाचा एक स्वभाव आहे. तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो. ब्रेक मारताना फोर्क सावकाश दबतो, तेव्हा तेलाचा विरोध जेमतेम. म्हणून नाक खाली. धारदार खड्ड्यात चाक झटक्यात वर येतं, तेव्हा तेलाला वाट पुरत नाही. म्हणून दणका थेट मनगटात. जिथं विरोध हवा तिथं नाही, जिथं नको तिथं फार.

त्यावर उपाय म्हणून हा व्हॉल्व्ह निघाला. दांड्याच्या डोक्यावर बसतो, मोठी स्प्रिंग त्याला वरून दाबून ठेवते. आत छोट्या स्प्रिंगनं धरलेलं एक झाकण. सावकाश चालीत झाकण बंद, तेलाला थोडीच वाट. दणका आला की झाकण उचलतं आणि तेल मोकळं सुटतं. दोन्ही दुखण्यांना एक औषध. कल्पना छान आहे, मला स्वतःला आवडते. पण अट आहे. तेल आता व्हॉल्व्हनं अडवायचं, म्हणजे खालच्या भोकांनी अडवायचं नाही. ती भोकं मोठी करायची. डब्यातल्या कागदावर चित्र आहे बघ: आठ मिलिमीटरची भोकं, जोड्या एकमेकींना काटकोनात, थोड्या अंतरावर, एका रांगेत नाहीत, नाहीतर दांडा कमजोर होतो. आणि वरचं हे बारीक भोक फोर्क परत येतानाचं, त्याला हात लावायचा नाही. कागद इंग्रजीत होता म्हणतोस? चित्र कुठल्या भाषेत होतं?

दांडा तुझ्या हातात होता! नवं सील बसवायला तळाचा बोल्ट काढलास, दांडा बाहेर आला, पुसलास, आणि एकही भोक न पाडता पुन्हा आत टाकलास. म्हणजे तेल अजून जुन्याच भोकांत अडतंय. वरचा व्हॉल्व्ह आत शोभेला बसलाय. माणसानं ज्याचे पैसे दिले ती वस्तू गाडीत आहे आणि काम करत नाही. "फरक पडला का" विचारलंस तेव्हा तो "थोडा कडक झालाय" म्हणाला आणि तू खूष झालास. कडक वाटतोय तो प्रीलोडनं, शहाण्या.

आणि त्या छोट्या स्प्रिंगचा ताण? डावीकडे दोन फेरे दिलेत, मी मोजले. उजवीकडे किती? आठवत नाही. म्हणजे लिहिलं नाहीस. वही कशाला दिली आहे, हजेरीला?

भोकं पाडली असतीस तरी माझा जीव टांगणीलाच असता, कारण तुझं ड्रिलिंग मी पाहिलंय. आतली बर, म्हणजे ड्रिलनं उठलेली धारदार कड, काढली नाहीस की ती तेलात फिरत राहते आणि बुशला ओरखडे घालते. आठ मिलिमीटर भोकाच्या आतली कड गोल फाइलनं साफ करायला किती वेळ लागतो? चहा निवण्याइतका.

तेलाचं आटपतो, नाहीतर अंधार होईल. तू जुनं तेल मापात मोजलंस आणि तेवढंच नवं ओतलंस. हे त्यातल्या त्यात बरं केलंस असं तुला वाटतंय. नव्या स्प्रिंगची तार जाड, ती जागा जास्त खाते. व्हॉल्व्हही जागा खातो. तेवढ्याच तेलाची पातळी वर चढली. म्हणून फोर्कमध्ये तेल किती ओतलं याला दुय्यम किंमत, पातळी कुठं आहे याला पहिली. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. कागद सांगतो १४०, मला मिळालं ९५. पाइप आतून छत्तीस मिलिमीटर धरा. एक सेंटिमीटर उंचीला सुमारे दहा मिलिलिटर. म्हणजे पंचेचाळीस मिलिलिटर जास्त. वर कोंडलेली हवा स्वतः एक स्प्रिंग आहे, आणि शेवटच्या टप्प्यात ती झपाट्यानं कडक होते. तिची जागा तू खाल्लीस, आता तो सगळा दाब सीलवर. उजव्या पाइपवर तेलाचं कडं दिसतंय ना? अर्थात त्यात दुसराही हात असेल: सील सरकवताना पाइपच्या कडेवर प्लॅस्टिक गुंडाळलं होतंस? नाही. मग ओठ दुमडला असेल. उघडल्यावर कळेल.

आणि २० नंबरचं तेल का? "जाड तेल म्हणजे दणकट." कुठल्या पुस्तकात? या व्हॉल्व्हच्या फोर्कमध्ये परत येण्याचा वेग तेलाच्या जाडीवर ठरतो. जाड तेल घातलंस, फोर्क वर यायला आळशी झाला. सलग खड्डे लागले की पहिल्यातून सावरायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा; प्रत्येक वेळी थोडा खाली, थोडा खाली, शेवटी उरलेल्या दोन बोटांच्या चालीवर गाडी आपटत जाते. गगनबावड्याच्या रस्त्यावर हे त्याला नक्की जाणवलं असणार. शिवाय डब्यावरचा १० किंवा १५ हा आकडा कंपनी बदलली की बदलतो. एकाचं १० दुसऱ्याच्या १५ इतकं निघू शकतं. बघायचं असेल तर चाळीस अंशांना किती सेंटिस्टोक ते बघ, तो आकडा खोटं बोलत नाही.

आता त्या ३८ आणि २४ कडे परत या. त्याच माणसाखाली, त्याच गाडीत, एकदा वरून आणि एकदा खालून आलं तर चौदा मिलिमीटरचा फरक का पडावा? थोडा पडतोच, सील धरतं म्हणून. चौदा म्हणजे फोर्क अडकतोय. मी चाकाच्या एक्सलचा पिंच बोल्ट सैल केला, ब्रेक धरून फोर्क चार-सहा वेळा जोरात दाबला आणि पुन्हा आवळला. फरक निम्म्यावर आला. तू एक्सल घातलास आणि लगेच पिंच आवळलास. दोन्ही पाय एकमेकांना समांतर व्हायला वेळच दिला नाहीस. उरलेला फरक खालच्या टीत आहे. ते बोल्ट तू लांब पान्यानं, अंगाचा भार टाकून आवळलेस. तिथं जास्त आवळलं की पाइप गोल राहत नाही आणि आतला बुश घासतो. टॉर्क पाना त्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे, हे खरं. मागायला तोंड आहे ना?

पाइपवर वाइसच्या दातांचे ठसे आहेत ते मी पाहिले. नशीब टीच्या आत झाकले जातात. वाइसला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्याशिवाय पाइप धरला तर यापुढे हात वाइसमध्ये धरीन. पाइप वाकलाय का हे तपासलंस? व्ही ब्लॉक आणि डायल गेज सरकारनं दिलंय, ते पूजेला नाही दिलेलं. ब्रेकचा कॅलिपर पण नळीवर लोंबकळत ठेवला होतास, फोटोत दिसतंय, तुझ्याच स्टेटसवरच्या. नळी ताणते, एबीएसच्या सेन्सरची वायर ताणते. तारेनं टांगायचा, दोन रुपयांची तार.

हं, आणि तू. मागे लपतोस कशाला? तुझ्या पल्सरला ड्यूकचा उलटा फोर्क बसवायचा बेत माझ्या कानावर आलाय. सोनेरी. चला, हिशेब करू. स्टीअरिंगच्या नळीची रेघ जमिनीपर्यंत ओढा, ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे पडते. त्या दोघांतलं अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं चाक आपल्या खुंटीच्या मागे राहतं म्हणून सरळ चालतं, तेच इथं. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर, रेक, म्हणजे स्टीअरिंगच्या नळीचा कल, २६ अंश, आणि टीतला पुढचा सरकाव ५० धर. ट्रेल येतो जवळपास ९१ मिलिमीटर. आता दुसऱ्या गाडीची टी आणलीस आणि तिचा सरकाव ३० निघाला तर? ट्रेल ११३. बावीस मिलिमीटरनं वाढला. हँडल वळता वळत नाही. उलट निघाला तर ट्रेल घटेल, आणि भरधाव वेगात हँडल थरथरायला लागेल. सोनेरी रंग त्या क्षणी काही कामाचा नाही. तू विकत घेण्याआधी टीचा सरकाव मोजलास? फोर्कची लांबी? कोनसेटचं माप? एक्सलचा व्यास? एबीएसची रिंग बसते का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय सांगतं तेही ऐकून ठेव: नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आतली स्प्रिंग आणि तेल बदलणं वेगळी गोष्ट आणि दुसऱ्या गाडीचा अख्खा पुढचा भाग कापून-जोडून बसवणं वेगळी. पण मला दंडाचं फारसं नाही. उद्या तू उघडं हेल्मेट घालून सासनेच्या मैदानाजवळ मित्रांना दाखवायला जाशील आणि ब्रेक दाबशील, मला त्याचं आहे. तुझी आई मला ओळखते.

असो. तू पुढे ये.

तुझा खरा अपराध एकेक चूक नाही. स्प्रिंग, प्रीलोड, व्हॉल्व्ह, तेलाची जाडी, तेलाची पातळी, टीचे बोल्ट, एक्सल: सात गोष्टी एका शनिवारी बदलल्यास आणि आधीचा एकही आकडा लिहून ठेवला नाहीस. आधी सॅग किती होता? माहीत नाही. जुन्या तेलाची पातळी? माहीत नाही. पाइप टीच्या वर किती निघाला होता? माहीत नाही. आता गाडी वाईट चालते तर कशानं, हे कुणाला सांगता येईल? मला नाही, तुला नाही, त्या कंपनीलाही नाही. परतीची वाट तू स्वतःच पुसून टाकलीस. जुनं होतं तसं करून दे म्हटलं तरी तुला करता येणार नाही, कारण जुनं कसं होतं हेच तू पाहिलं नाहीस.

रडायचं नाही. मी ओरडतोय कारण तुझा हात चांगला आहे. ज्याचा हात वाईट आहे त्याच्यावर मी वेळ घालवत नाही, त्याला हवा भरायला बसवतो.

आता काम. आज फक्त कोनसेट. सोड, धू, गोळ्या आणि वाट्या बघ; खाच असेल तर नवा आण, नसेल तर ग्रीस भरून बसव आणि हँडल दोन्हीकडे आपल्या वजनानं पडतं का ते मला दाखव. फोर्कला आज हात नाही. उद्या उजवी बाजू उघड, पण उघडण्याआधी कॅपची स्थिती, पाइपची टीवरची उंची, सगळं वहीत. दांडे दोन्ही बाहेर. भोकं मी आखून देईन, तू पाडशील, बर काढशील, मी बोट फिरवून बघीन. सील नवी, प्लॅस्टिक गुंडाळून. स्पेसर आधी लांब कापायचा, मग कमी करायचा. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही. तेल कागदात सांगितलेलं, पातळी १४०. व्हॉल्व्हचे फेरे दोन्हीकडे सारखे, कागदावरच्या आकड्यानं सुरुवात. सगळं बसल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच वेग, टायरमध्ये तीच हवा.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी बाहेर जाऊन गिऱ्हाईकाला फोन कर. माझ्या फोनवरून नाही, तुझ्या. सांग त्याला, आवाज कोनसेटचा होता आणि मी तो तपासला नव्हता. व्हॉल्व्ह काम करत नव्हते हेही सांग, लपवू नकोस. फोर्क पुन्हा उघडायची मजुरी घेणार नाही म्हण. मामांशी मी बोलतो. बुधवारी त्यानं स्वतः यायला हवं, जाकीट घालून, पेट्या नेहमीसारख्या भरून. सॅग त्याच्या वजनावर लावायचा आहे, तुझ्या पंचावन्न किलोवर नाही.